रामटेकेबाबूंचं मुकरणं

परवा साताऱ्याहून भाचीचा फोन आला. तिच्या मराठीच्या वहीत 'अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न होता आणि शब्द होता 'वचनभंग'. अर्थ तिला येत होता, वाक्य अडलं होतं. "मावशी, रामाला सोडून एखादं वाक्य सांग ना," ती म्हणाली. "रामाने वचनभंग केला नाही, हे सगळ्या वर्गानं लिहिलंय." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. फोन ठेवला आणि मग स्वयंपाक आटपेपर्यंत रामटेकेबाबू काही डोक्यातून गेले नाहीत. या शब्दाचा अर्थ आणि उपयोग दोन्ही मला त्यांनी शिकवले, आणि ते काही मराठीचे मास्तर नव्हते. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ते बुकिंग क्लार्क होते.

नवऱ्याच्या बदलीमुळे मी साताऱ्याची मुलगी त्या गोदामांच्या आणि ट्रकांच्या गावात येऊन पडले आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसू लागले. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं. बारीक अंगाचा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. पांढरा शर्ट रोज धुतलेला आणि गालात रोज खर्रा. नागपूरकडे सुपारी-तंबाखूच्या त्या मिश्रणाला खर्रा म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं. फोन घेण्याआधी ते तो रुमालानं पुसायचे. फोन वाजला नसला तरी, कुठे अडचण आली की तो पुसायचे.

त्यांचं काम म्हणजे दिवसभर तो फोन. माल पोचला का, गाडी निघाली का, काल निघणार होती ती आज तरी निघते का. या धंद्यात सांगितलेल्या वेळेला गाडी पोचली तर दोन्हीकडच्या माणसांना आश्चर्य वाटतं. टायर फुटतो, ड्रायव्हर मधेच सासुरवाडीला वळतो, दुसऱ्या पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, माल आला नाही म्हणून अर्धी भरलेली गाडी गोदामात उभी राहते. शेजारच्या ऑफिसांतले बाबू सरळ 'निघाली, निघाली' असं ठोकून द्यायचे. रामटेकेबाबूंचं तसं नव्हतं. गाडी भरत असो, ड्रायव्हर जेवत असो, नाहीतर गाडीचं पुढचं चाक काढून बाजूला ठेवलेलं असो, ते अगदी शांत आवाजात म्हणत, "निघून राहिली जी."

'निघाली' हा शब्द मात्र त्यांनी सोवळ्यात ठेवला होता. चाक गेटाच्या बाहेर पडल्याशिवाय तो तोंडातून निघत नसे. मे महिन्यातल्या दुपारी सुद्धा ते उठून गेटापर्यंत जात, जाणाऱ्या ट्रकच्या मागच्या फळीवर दोन थापा मारत, आत येऊन रुमालानं आधी डोकं पुसत, मग फोन पुसत, आणि मग पार्टीला कळवत, "निघाली." आता ट्रकवर जीपीएसचं यंत्र बसलंय आणि पार्टीला आपली गाडी मोबाईलवर ठिपक्यासारखी दिसते. तेव्हाही ते यंत्र नुकतंच आलं होतं, पण जुन्या पार्ट्या म्हणत, ठिपका राहू द्या, रामटेकेबाबू काय म्हणतात ते सांगा.

नागपूरकडे 'निघून राहिली' म्हणजे अजून निघतेच आहे, हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता आणि त्यातून मी एक मोठा घोटाळा करून ठेवला. सांगलीकडच्या एका शाळेचे बाक आमच्याकडून जायचे होते. शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. हेडमास्तरांचा फोन मी घेतला आणि गाडीचं काय, असं रामटेकेबाबूंना विचारलं. ते दुसऱ्या फोनवर होते. हात वर करून म्हणाले, "निघून राहिली." माझ्या सातारी कानाला ते 'निघून गेली'सारखं ऐकू आलं. मी हेडमास्तरांना ठासून सांगितलं, "निघाली सर, केव्हाच निघाली." गाडी निघाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिकडे हेडमास्तरांनी उद्घाटनाच्या दिवशी पोरांना बाक उतरवायला सकाळपासून ताटकळत ठेवलं आणि पाहुण्यांसमोर सगळी शाळा सतरंजीवर बसली.

त्यांनी आमच्या शेठजींना फोनवर जे काही ऐकवलं ते काचेच्या केबिनबाहेर आम्हाला सुद्धा ऐकू आलं. शेठजी बाहेर आले. "गाडी निकल गई, ये किसने बोला था?" मी उठणार, एवढ्यात रामटेकेबाबू म्हणाले, "मी बोललो होतो शेठजी." पुढची पाच मिनिटं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतली. शेठजी आत गेल्यावर मी म्हटलं, "काका, तुम्ही 'निघून राहिली' म्हणाला होतात. चूक माझी होती."

"तुम्ही जे ऐकलं ते सांगतलं ना," ते म्हणाले. "बोलणारा तं मीच होतो. आता मी असं बोललो आणि तसं नाही बोललो करत बसलो, तं मुकरल्यासारखंच झालं ना ते."

मुकरणं. हा शब्द मी तोपर्यंत फक्त हिंदी सिनेमात ऐकला होता. मी जरा शहाणपणानं म्हटलं, "म्हणजे वचनभंग."

त्यांना इतकं हसू आलं की खर्रा सांभाळत बाहेर पळावं लागलं. परत येऊन म्हणाले, "वचनभंग? अरे बाप्पा! ते तं धनुष्यबाणवाले लोक करत असन मॅडम. वाडीत नाही होत वचनभंग."

"मग वाडीत काय होतं?"

"वाडीत शब्द राह्यते. नाही तं मोडते. नाही तं मग माणूस मुकरते."

पुढच्या काही दिवसांत, फोन शांत असेल तेव्हा, त्यांनी मला हे तीन प्रकार नीट समजावले. करायचं मनात होतं, पण झालं नाही, तर शब्द राहिला. त्यात कुणाचा गुन्हा नाही; टायर फुटला की शब्द राहतो. जमण्यासारखं होतं आणि केलं नाही, तर शब्द मोडला. हे वाईट, पण त्यांच्या मते त्यात निदान कबुली होती. "मोडला म्हणणारा इतकं तं म्हणून राहिला ना का मी शब्द देला होता?" आणि तिसरा प्रकार मुकरण्याचा. शब्द दिलाच नव्हता असं म्हणायचं. "हा लई खराब माणूस मॅडम. तो समोरच्याचे कानच खोटे पाडते."

ड्रायव्हर लोकांना त्यांची ही वर्गवारी पाठ होती. बिल्टी म्हणजे मालाची पावती घ्यायला आले की ते टेबलावर कोपर टेकून मुद्दाम खोड काढत, "बाबूजी, काल सासऱ्याले येतो म्हनलं होतं, नाही गेलो. हे राह्यलं का मोडलं?" रामटेकेबाबू चष्म्यावरून बघत विचारत, "गाडी खराब होती का डोकं?" आणि मग निकाल देत. यात सगळ्यात पुढे असायचा शंकर नेवारे. खापरखेड्याचा. उंच, हसरा, आणि कायम सासऱ्याचा गुन्हेगार. ऑफिसातला निकाल तो घरी जाऊन बायको-मुलीला ऐकवायचा आणि घरचं उत्तर पुढच्या फेरीला आम्हाला आणून द्यायचा.

स्वतः रामटेकेबाबूंचा एक शब्द मात्र दर आठवड्याला मोडायचा. बायकोला त्यांनी खर्रा सोडायचा शब्द दिला होता. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. वाडीतच मागच्या अंगाला दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. रामटेकेबाबू बाजारातून आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातूनच ओरडले, "रत्नमाला, आज मोडला!"

"सांगाले काही लाज?" काकू आतून म्हणाल्या.

"सांगतलं ना! मुकरलो तं नाही?"

"हे पाह्य वं," काकू मला म्हणाल्या, "तोंडाचा वास मले येऊन राहिला आणि हे उपकार केल्यावाणी सांगून राहिले." आम्ही तिघंही खूप हसलो. त्या घरात रोज सकाळी दोघं मिळून वंदना घेत, पंचशील म्हणत. रामटेकेबाबूंच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून एक दिवस खाडा नाही, असं काकू अभिमानानं सांगायच्या.

मग नेवारेचा अपघात झाला. घाटात समोरून येणाऱ्या गाडीनं केबिन चेपली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यावरून काढावा लागला. हॉस्पिटलात शेठजी गेले, बरोबर रामटेकेबाबू. तिथून परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. शेठजींनी नेवारेचा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "शंकर, तेरी बेटी को मैं ऑफिस में लूँगा. परीक्षा होने दे उसकी." मग रामटेकेबाबूंकडे वळून म्हणाले, "लड़की को बोल दो." रामटेकेबाबूंनी तिथेच व्हरांड्यात उभ्या असलेल्या त्याच्या मुलीला, वैशालीला सांगितलं. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि सीताबर्डीला एका कपड्याच्या दुकानात अर्धवेळ काम करत होती. दुकानदार तिला परीक्षेनंतर कायम करणार होता. "मी म्हनलं, परीक्षा झाली का सोड ते दुकान. शेठजीनं शब्द देला हाय," हे सांगताना रामटेकेबाबूंचा चेहरा असा फुलला होता, की जणू शब्द त्यांनीच दिला असावा.

परीक्षा झाल्यावर वैशाली ऑफिसात आली ती इस्त्रीचा ड्रेस घालून, फाईल छातीशी धरून. दुकान तिनं आठवड्यापूर्वी सोडलं होतं. मधल्या काळात तिला मिळायच्या खुर्चीवर शेठजींच्या मेव्हण्याचा मुलगा येऊन बसला होता. शेठजी केबिनच्या दारात उभे राहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बेटा, मैंने ऐसा कब बोला?"

"हॉस्पिटलमध्ये, सर. बाबांजवळ. काका होते ना."

शेठजी वळले. "क्यों रामटेके जी? मैंने बोला था क्या?"

रामटेकेबाबूंनी फोन उचलला आणि रुमालानं पुसायला घेतला. एक बाजू पुसली, दुसरी बाजू पुसली. मी कीबोर्डकडे बघत होते. त्यांना निवृत्त व्हायला अडीच वर्षं होती, हे मला माहीत होतं. शेठजींनाही माहीत होतं.

"मले ध्यानात नाही शेठजी," ते म्हणाले.

वैशालीनं त्यांच्याकडे बघितलं. चिडली नाही, रडली नाही. "बरं काका," एवढंच म्हणून ती निघाली. गेटापाशी एक ट्रक वळत होता, तो जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली आणि मग रस्त्याला लागली. फोन अजून रामटेकेबाबूंच्या हातातच होता.

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण हॉस्पिटलातली गोष्ट मलाही माहीत होती आणि मीही गप्प बसले होते. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या कानावर आली आणि राग निघून गेला. फोनवर कोणीतरी गाडीबद्दल विचारत होतं. ती गाडी समोर उभी होती, ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. रामटेकेबाबू खिडकीबाहेर न बघता म्हणाले, "निघाली." थोड्या वेळानं दुसऱ्या पार्टीला, "निघाली." दिवसभर त्यांनी ज्याला त्याला निघाली, निघाली असंच सांगितलं. जागेवरून एकदाही उठले नाहीत.

ड्रायव्हर लोकांनीही टेबलावर कोपर टेकणं सोडलं. बातमी गोदामभर गेली होती. बिल्टी घ्यायचे आणि जायचे.

त्या आठवड्यात रत्नमालाकाकू मला भाजीच्या गाडीवर भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ऑफिसात काही झालं काय वं? सकाळी वंदना घेताना चौथ्या शीलावर आले का हे खोकलून राहिले. पाचवं बरोबर म्हणतात. रोज चौथ्यालेच कसा खोकला येते?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. काकू बराच वेळ हातातली मेथी निवडल्यासारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "खर्रा खाल्ला तं दारातून ओरडून सांगते हा माणूस. आणि हे नाही सांगतलं मले."

घरी काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा आला. शेठजी बाहेरच्या टेबलावर दोन पार्ट्यांबरोबर बसले होते, मेव्हण्याचा मुलगा होता, बिल्टीसाठी आलेले तीन-चार ड्रायव्हर दाराशी होते. रामटेकेबाबू उठले. शर्ट नीट केला. हातात फोन नव्हता, रुमालही नव्हता.

"शेठजी, त्या दिवशी वैशाली आली होती, तवा मी मुकरलो. तुम्ही हॉस्पिटलात बोलले होते. 'लड़की को बोल दो' म्हनलं होतं. मले ध्यानात हाय."

शेठजींनी त्यांच्याकडे बघितलं, पार्ट्यांकडे बघितलं आणि हसले. "रामटेके जी, चाय ठंडी हो रही है आपकी."

एवढंच झालं. आरडाओरडा नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर ऑफिसचा फोन त्यांच्या टेबलावरून उचलून माझ्या टेबलावर ठेवला होता आणि रामटेकेबाबूंना मागच्या गोदामात माल उतरवून घ्यायला पाठवलं होतं. पत्र्याखाली, नागपूरच्या उन्हात, छप्पन्नाव्या वर्षी. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. वैशालीला ती नोकरी मिळाली नाही, हेही सांगून टाकते. पुढे वर्षभरानं तिला दुसरीकडे काम लागलं, ते तिचं तिनं मिळवलं. नवऱ्याच्या पुढच्या बदलीबरोबर माझीही नोकरी सुटली. पण मला शेवट करायचाय तो फोन माझ्या टेबलावर आला त्या आठवड्यातल्या रविवारी.

शनिवारी गोदामातून निघताना ते माझ्यापाशी थांबले. "मॅडम, उद्या खापरखेड्याले चालता काय? एकट्याच्यानं होऊन नाही राहिलं."

आम्ही बसनं गेलो. लांबून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, "आज खर्रा नाही खाल्ला." नेवारेचं घर वस्तीच्या टोकाला होतं. तो दारातल्या खाटेवर बसला होता, पँटचा उजवा पाय वर दुमडून पिन लावलेली. आम्हाला बघून त्याला उठायचं होतं, ते जमलं नाही. "या ना बाबूजी," तो म्हणाला आणि आत बघून हाक मारली, "वैशाली, पाह्य वं कोण आलं."

वैशाली बाहेर आली. तिनं खुर्ची पुढे केली. रामटेकेबाबू बसले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "शेठजी बोलले होते. मी ऐकलं होतं. म्याच तुले येऊन सांगतलं, आणि म्याच तुझ्यासमोर मुकरलो. भेव वाटलं मले."

नेवारे खाली बघायला लागला. वैशालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. घरात बापाच्या तोंडून या माणसाचे निकाल ऐकत ती लहानाची मोठी झाली होती.

"तुम्ही मुकरले नाही काका," ती म्हणाली. "तुमचं बोलणं राह्यलं होतं. आज झालं."

मला वाटलं, आता हे खाली बसतील. पण ते तसेच उभे राहिले. "नाही वं," ते म्हणाले. "राह्यलं नव्हतं. मुकरलोच होतो मी. बरोबर शब्द लाव."

"नाही लावत."

"मुकरले म्हण."

"नाही म्हणत, जा," वैशाली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बसा आता. चहा ठेवते."

खाटेवरून नेवारे म्हणाला, "बसा बाबूजी. हे माह्यावर गेली. ऐकत नाही कोणाचं." तेव्हा कुठे रामटेकेबाबू खुर्चीवर बसले. चहा आला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न ठेवता प्यायला.

परतीची बस स्टँडवर उभी होती. आम्ही चढलो, जागा मिळाली. ड्रायव्हर खाली टपरीवर गप्पा मारत होता. रामटेकेबाबूंचा मोबाईल वाजला. त्यांनी तो खिशातून काढला, रुमालानं पुसला आणि कानाला लावला. काकूंचा आवाज मला सुद्धा ऐकू आला, "निघाले काय?"

"निघून राहिलो," ते म्हणाले.

फोन त्यांनी बंद केला नाही. तसाच कानाशी धरून खिडकीबाहेर बघत बसले. पलीकडून काकूंनीही फोन ठेवला नाही. ड्रायव्हर आला, चढला, गाडी सुरू झाली. मागे आली, वळली, स्टँडच्या फाटकाशी आली. रामटेकेबाबू खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि खाली चाकाकडे बघत राहिले. चाक फाटकाच्या बाहेर पडलं.

"हां," ते फोनमध्ये म्हणाले. "निघालो."